पेण ते रोहे, सरळ रेषेत

दोन बिंदूंमधलं अंतर काढण्याइतकं सोपं काम जगात दुसरं नाही, असं मी नववीच्या मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. क्षमधून क्ष वजा करा, यमधून य वजा करा, दोन्ही फरकांचे वर्ग करा, बेरीज मारा, वर्गमूळ काढा आणि घरी जा. यात रडण्यासारखं काय आहे? तरी दर वर्षी एखादा रडायचाच. पूर्वी मला त्याचा राग यायचा. आता मी त्याला पाण्याचा तांब्या देतो आणि म्हणतो, "रड बाबा. मीही रडलोय."

मी दत्तात्रेय मोकल. पेणच्या शाळेत गणित शिकवतो. माझी बायको चंद्रावती तेव्हा रोह्याच्या शाळेत चित्रकला शिकवायची. दोन्ही शाळा एकाच संस्थेच्या. संस्थेचं नाव आंबा-भोगावती-कुंडलिका विद्याप्रसारक मंडळ. नाव उच्चारून होईपर्यंत तिन्ही नद्यांचा पूर ओसरतो. रोहा म्हणा की रोहे म्हणा, गाव एकच. स्टेशनच्या पाटीवर रोहा, आमच्या सासरेबुवांच्या तोंडी रोहे. लग्नानंतर मीही सासरवाडीचा मान म्हणून रोहेच म्हणायला लागलो. हा मान मला पुढे चांगलाच महागात पडला, पण ते येईल ओघात.

तर लग्न झालं आणि मी पेणला धोंडुबाईंच्या माडीवर भाड्यानं, चंद्रावती रोह्याला माहेरी. लग्न होऊन मुलगी जिथल्या तिथे! सासरेबुवा आल्यागेल्याला सांगत, "जावई पेणला असतात, अधूनमधून येतात," म्हणजे मी जणू दुधाचा रतीब. एक महिनाभर चंद्रावतीनं पेणहून जाऊन-येऊन पाहिलं. सकाळच्या गाड्या अशा वेळेच्या, की एक शाळा भरायच्या फार आधी पोचवायची आणि दुसरी प्रार्थना संपल्यावर. एस.टी.नं गेली तर वडखळच्या पुढे रस्ता आणि तिचं पोट एकदमच ढवळायचं. महिनाअखेरीला तिनं अंथरूण धरलं आणि सासरेबुवा येऊन तिला घेऊन गेले. जाताना मला म्हणाले, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." असं कोणी म्हटलं की वाटायचं ते वाटतंच.

मग मी गणिताचा आधार घेतला. दोन बिंदूंच्या बरोब्बर मधे एक मध्यबिंदू असतो. पेण आणि रोहे यांचा मध्यबिंदू मी काढला तो कोणाच्या तरी भाताच्या खाचरात पडला. त्याच्या जवळचं स्टेशन म्हणजे कासू. संध्याकाळी पेणहून रोह्याकडे जाणारी आणि रोह्याहून पेणकडे येणारी अशा दोन गाड्यांचं तिथे क्रॉसिंग व्हायचं, कारण रूळ एकेरी. दर बुधवारी शाळा सुटली की मी इकडून निघायचो, ती तिकडून. दोघं कासूला उतरायचो. तिची गाडी मला पेणला परत न्यायची आणि माझी गाडी तिला रोह्याला. ती उठून गेलेल्या खिडकीशी मी बसायचो, मी उठलेल्या बाकावर ती. सीट अजून उबदार असायची. मधे जो काही वेळ मिळायचा तो आमचा संसार. क्रॉसिंग लांबलं की संसार लांबायचा. रेल्वेच्या दिरंगाईवर प्रेम करणारा या देशातला मी एकटाच प्रवासी असेन.

कासूच्या फलाटावर त्या वेळी मला भलतंच काही व्हायचं. खाडीकडून वारा यायचा, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, समोर एकच बाक. आम्ही बोलायचो ते किरकोळच. सासूबाईंचे गुडघे, धोंडुबाईंची कोंबडी, सातवीतल्या मुलीनं समुद्र जांभळा रंगवला तो. तिच्या बोटांना कायम रंग लागलेला असायचा, आणि त्या बोटांकडे बघत असताना मी वेळापत्रक, चाचणी परीक्षा, सगळं विसरायचो. मधेच वाटायचं, या बाकालाच चार भिंती घालाव्यात, एक चूल मांडावी आणि इथेच राहावं. मग सिग्नल पडायचा.

फलाटावर शिवा चहा विकायचा. खाडीकडच्या मिठागरवाल्यांतला, दाढीचे खुंट पांढरे झालेला माणूस. पहिल्या दोन-तीन बुधवारांतच त्यानं आमच्याबद्दल मत बनवलं. बाकावर कोणी बसलं असेल तर त्याला उठवून तो बाक आमच्यासाठी राखायचा. एकदा चहा देताना हळूच म्हणाला, "मास्तर, निवांत बसा. कोनी वलखीचा उतरला तर मी खोकन."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. "अरे, आम्ही नवरा-बायको आहोत!" मी म्हणालो.

"सगली तसाच सांगतान," शिवा म्हणाला.

"हे बघ, मंगळसूत्र!"

"ता काय, पेनच्या बाजारान पन मिलतय." वर म्हणाला, "माजा तोंड बंद हाय. पन मास्तर, पोरगी चांगली हाय. लवकर लगीन करून टाका."

गणिताचा शिक्षक, वर्गात खडू खाली पडला तर मुलं श्वास रोखतात असा माझा दरारा, आणि कासूच्या फलाटावर मी चोरून भेटणारा प्रेमवीर ठरलो! मी संतापलो. चंद्रावती पदरात तोंड खुपसून हसत होती. तिला तो प्रकार मनापासून आवडला होता.

पण श्रावणातल्या एका बुधवारी ती हसली नाही. चहा गार होऊ दिला आणि म्हणाली, "अहो, मी ठरवलंय. दिवाळीनंतरचं सत्र सुरू होईपर्यंत आपण एका घरात आलो नाही, तर मी नोकरी सोडते."

खरं म्हणजे हे ऐकून नवऱ्याला बरं वाटायला हवं. मला धस्स झालं. ही नोकरी तिनं वडिलांशी भांडून मिळवली होती. फळ्यावर हत्ती काढताना ती कशी दिसते ते मी एकदा तिच्या वर्गाच्या दारातून पाहिलंय. ती घरी बसली असती तर भाकरी थापली असती, हसलीही असती, आणि ते हसू खरं की मला बरं वाटावं म्हणून, ते मला जन्मभर कळलं नसतं. मी म्हणालो, "थांब. बदलीचा अर्ज करतो. एवढं काय त्यात?"

एवढं काय त्यात! हे तीन शब्द मराठी माणसानं उच्चारले की समजावं, सुरुवात झाली.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब हे भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. नियम त्यांनीच घातलेला: नवरा-बायकोच्या शाळांमधलं अंतर वीस मैलांच्या वर असेल तरच दोघांपैकी एकाची बदली. आणि अंतर म्हणजे सरळ रेषेतलं. "रस्ते बदलतात मोकल, फाटे फुटतात, पूल वाहून जातात. सरळ रेषा वाहून जात नाही," ते म्हणाले. रेल्वेनं वीस मैलांच्या खूप वर होतं, रस्त्यानं तर विचारूच नका. पण सरळ रेषेत पेण ते रोहे वीसच्या अगदी काठावर, अल्याड की पल्याड ते कोणालाच ठाऊक नाही.

संस्थेच्या कचेरीत प्लायवुडवर भाऊसाहेबांनी स्वतः रंगवलेला नकाशा होता. त्यावर उभ्या-आडव्या रेघांची जाळी. आरंभबिंदू, म्हणजे शून्य-शून्य, कुठे? तर भाऊसाहेबांच्या अंगणातलं तुळशीवृंदावन! तिथून पूर्वेला धन, पश्चिमेला ऋण, उत्तरेला धन, दक्षिणेला ऋण. रोहेकर सभासदांनी एकदा हरकत घेतली होती, की आमचं अख्खं गाव ऋण का म्हणून? भाऊसाहेबांनी शांतपणे उत्तर दिलं, "वर्ग केला की ऋणाचं धन होतं. रोहेकरांनी काळजी करू नये." ठराव एकमतानं बारगळला. प्रत्येक शाळेची त्या नकाशावर टाचणी होती, आणि एकदा टोचलेली टाचणी काढायची नाही हे भाऊसाहेबांचं व्रत. नोकरीत असताना त्यांनी कुठल्याशा गावात हद्दीचा दगड चुकून भलतीकडे रोवला होता. वरिष्ठांनी हलवायला सांगितला. भाऊसाहेबांनी हलवला नाही. "शेवटी काय झालं? गावानं त्या दगडाला शेंदूर लावून तिथेच देऊळ बांधलं. दगड नाही हलला, देऊळ आलं!" ही गोष्ट ते प्रत्येक अर्जदाराला सांगत.

माझ्या दुर्दैवानं नकाशाचा खालचा भाग पावसाळ्यात वाळवीनं खाल्ला होता. नागोठण्याच्या खाली नवीन कोरी फळी ठोकलेली. रोहे वाळवीच्या पोटात गेलेलं. "तेव्हा रोह्याचे निर्देशक, क्ष आणि य, तुम्ही काढून आणा," भाऊसाहेब म्हणाले. "गणिताचे शिक्षक आहात. एवढं काय त्यात?"

घरी येऊन मी धोंडुबाईंना सांगितलं. धोंडुबाई आमच्या घरमालकीण. त्या जिन्यात भात पाखडत होत्या.

"सरल? पेनशी रोह्याला सरल?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "मदी डोंगर हाय, नदी हाय, चिखल हाय. सरल कोन जाल? कावला? मंग कावल्याला इचार."

शेजारच्या महिपतीकाकांचा सल्ला त्याहून मोलाचा. काका एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर, उभी हयात पेण-रोहे मार्गावर गेलेली. "सरळ रेषेत?" ते खुर्चीतून उठलेच. "मोकल, अख्ख्या नोकरीत मी स्टेअरिंग सरळ धरलं नाय. आनि तुमी सरळ रेषा काय काढता?" मग त्यांनी मला प्रत्येक वळणाची माहिती दिली, कुठल्या वळणावर कोणाची कोंबडी आली होती त्यासकट. शेवटी म्हणाले, "नकाशा आना, दोरा लावा, मोजा. मी हाय ना!" हे "मी हाय ना" ऐकून मी तेव्हाच पळून जायला हवं होतं.

शाळेतला जिल्ह्याचा कापडी नकाशा गुंडाळून खांद्यावर टाकून मी बाजारातून निघालो. वाटेत निदान पाच जणांनी विचारलं, "काय सर, पडदे?" घरी आल्यावर नकाशा जमिनीवर पसरला. भाद्रपदाची दमट हवा, कापड सुजलेलं. काकांनी दोरा लावला. उत्तर आलं तेवीस मैल! मी आनंदानं धोंडुबाईंना साखर दिली. तेवढ्यात काकांच्या लक्षात आलं, की नकाशाच ओलाव्यानं ताणलाय. म्हणून तो रात्रभर चुलीवरच्या वलणीवर वाळत टाकला. सकाळी मोजला तर एकोणीस. आता नकाशा आटला होता. वर त्याला बोंबलाचा वास लागला, कारण वलणीवर आधीपासून धोंडुबाईंचे बोंबील होते. तो वास भूगोलाच्या तासाला अजून येतो. मुलं म्हणतात, कोकणचा नकाशा आहे, यायचाच.

शेवटी मी बाजारातून छापील कागदी नकाशा आणला. आता नवीनच अडचण. बिंदूला लांबी-रुंदी नसते असं मी शिकवतो. पण नकाशावरचा रोह्याचा ठिपका मसुरीच्या दाण्याएवढा, आणि प्रमाण पाहिलं तर चांगला मैलभर रुंद! ठिपक्याच्या वरच्या कडेपासून मोजलं तर वीसच्या आत, खालच्या कडेपासून मोजलं तर वीसच्या वर. म्हणजे माझ्या संसाराचं भवितव्य चंद्रावती त्या मसुरीच्या कुठल्या बाजूला उभी राहून हत्ती काढते यावर!

त्या दुपारी नकाशावर पट्टी ठेवून मी पेणपासून रोह्यापर्यंत पेन्सिलीनं रेघ मारली आणि तिच्याकडे बघत बसलो. कधी तंद्री लागली कळलंच नाही. मला वाटलं, आपण उठावं आणि या रेघेवरून चालायला लागावं. वाटेत कोणाचं घर आलं तर पुढच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर. "बसा ना सर," म्हणतील. "नाही हो, सरळ रेषेत आहे," म्हणायचं. खाचरातून, डोंगरावरून, आंबा नदीतून विजार वर धरून, कुठे वालाचा वेल पायात येतोय, कुठे म्हैस मान वळवून बघतेय, आणि रेघ संपते तिथे खिडकी, खिडकीत चंद्रावती, हातात ब्रश. ती म्हणणार, "अहो, चपला बाहेर काढा." एवढ्यात काकांनी रेघेवर चहाचा कप ठेवला.

बुधवारी कासूला मी चंद्रावतीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझा वर्ग शाळेच्या एकदम दक्षिणेला आहे. खिडकीतून कुंडलिका दिसते."

"वा!" मी ओरडलो. "हलू नकोस तिथून!"

"म्हणजे जवळ यायचं तर आधी आपण लांब आहोत हे सिद्ध करायचं?"

"नियम आहे."

तिनं उरलेला चहा रुळांवर ओतला. मग म्हणाली, "काढा काय अंतर काढायचं ते. फक्त अंतर देऊ नका." आणि गाडीत चढली. ती ज्या खिडकीशी बसून आली होती तिथे बसून मी पेणला आलो. मोठा माणूस असून माझे डोळे भरले होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तिची बाजू दक्षिणेला पक्की झाल्यावर मी माझी उत्तरेला सरकवायला घेतली. शिक्षकखोली आमच्या शाळेच्या मधोमध. मी माझी खुर्ची उचलली आणि पार उत्तरेच्या टोकाला, घंटेखाली नेऊन ठेवली. प्रत्येक तासाला शिपाई माझ्या डोक्यावर टोल द्यायचा. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापक आले.

"मोकल, खुर्ची इकडे का?"

"अंतर वाढवतोय सर."

"कोणाशी?"

"बायकोशी."

मुख्याध्यापकांनी आजूबाजूला पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, आवाज खाली आणून म्हणाले, "हवं तर मी बोलू का वहिनींशी?" संध्याकाळपर्यंत पेणमध्ये माझं घर मोडल्याची बातमी झाली. धोंडुबाईंनी न विचारता मला नाचणीची भाकरी आणून दिली आणि दारात उभं राहून उसासा टाकला.

पण गणित सुटलं. घंटेपासून कुंडलिकेच्या खिडकीपर्यंत, क्षचा फरक अगदी मामुली, यचा भलामोठा, वर्ग, बेरीज, वर्गमूळ: वीसच्या वर अर्ध्या मैलाहून अधिक! मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि कोजागिरीच्या आसपास कचेरीत सुनावणीला गेलो. असं गणित मी बोर्डाच्या परीक्षेतही सोडवलं नव्हतं.

कचेरीत हेडक्लार्क गुणाजी होते. गुणाजींना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, आणि उजव्या कानाशी पंखा होता. त्यांनी विचारलं, "मिसेस कुठे?"

"रोहे," मी सासरवाडीच्या मानानं म्हणालो.

"जोहे?"

"हो, हो, रोहे."

गुणाजींनी गुलाबी टाचणी घेतली. नवरा-बायकोसाठी गुलाबी टाचणी असायची. नकाशाच्या खाली कोरी फळी. त्यांनी वर पाहिलं. पेणच्या वर, हमरापूरच्या शेजारी, ठळक अक्षरांत जोहे. गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्यांचं गाव, त्यात गुणाजींची सासरवाडी, म्हणजे हात आपोआप तिकडे जाणारच. मी आपला कागदावरच्या दोन रेघांकडे कौतुकानं बघत होतो. टाचणी आत गेली.

भाऊसाहेब आले. त्यांनी माझा कागद वाचला, मान डोलावली, मग पट्टी घेऊन नकाशापाशी गेले. मापलं. पुन्हा मापलं. चष्मा पुसला.

"मोकल, तुमचं उत्तर वीसच्या वर. टाचणीचं उत्तर पाच."

"काय?"

"पाच मैल! सायकलनं जा की बाईंकडे! गणिताचा शिक्षक आणि पंधरा मैलांची चूक?"

मी नकाशापाशी धावलो. "साहेब, हे जोहे आहे! आम्ही रोहे!"

"जोहेच म्हनतो मी," गुणाजी म्हणाले.

"जोहे नाही हो, रोहे! र! र रताळ्यातला!"

"रताळं जोह्याला चांगलं पिकतं," गुणाजींनी समाधानानं सांगितलं.

चूक काय झाली ते भाऊसाहेबांना कळलं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण नजर टाचणीकडे गेली आणि चेहरा दगडासारखा झाला. "टोचलेली टाचणी मी काढत नाही, मोकल." आणि त्यांनी मला त्या दगडाची आणि देवळाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. अर्ज नामंजूर.

पुढच्या बुधवारी कासूला मी चंद्रावतीला हे सांगितलं तेव्हा माझा आवाज फाटला होता. मी भाऊसाहेबांना, गुणाजींना, पंख्याला, वाळवीला, सगळ्यांना शिव्या दिल्या. "म्हणे दगड हलत नाही! म्हणे देऊळ आलं!" मी म्हणालो, "आणि तुझी टाचणी जोह्यात! आता तू नोकरी सोडणार. माझ्यामुळे." शिवा लांबून बघत होता. त्याला वाटलं असणार, पोरीच्या बापानं नकार दिला. त्यानं दोन चहा आणून ठेवले आणि पैसे न घेता गेला.

चंद्रावती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं विचारलं, "जोह्याला आपल्या संस्थेची शाळा आहे ना?"

"आहे. पण तिथे चित्रकलेचा शिक्षक टिकत नाही. मूर्तिकारांची पोरं ती, शिक्षकांच्या हत्तीची सोंड दुरुस्त करतात. जागा रिकामीच असते."

"बरं," ती म्हणाली, आणि एवढंच बोलून गाडीत चढली.

शनिवारी ती पेणला आली ती घरी न येता थेट कचेरीत. मला धोंडुबाईंनी ओरडून सांगितलं, "अरं मास्तर, तुजी बाईल कचेरीन गेली, धाव!" मी धापा टाकत पोचलो तेव्हा चंद्रावती भाऊसाहेबांसमोर उभी होती.

"भाऊसाहेब, टाचणी काढा असं सांगायला मी आलेलीच नाही," ती म्हणत होती. "टाचणी बरोबर आहे. चुकीच्या जागी मी आहे."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं.

"संस्थेच्या नकाशाप्रमाणे मी जोह्याला असायला हवी, आणि मी रोह्याला जाऊन शिकवतेय. ही मोठी चूक आहे. ती मला सुधारू द्या." मग जरा थांबून, अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "तुमचा दगड जागचा हलवू नका. देऊळ येतंय."

भाऊसाहेबांनी नकाशाकडे पाहिलं, टाचणीकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. इतक्या वर्षांत त्यांची गोष्ट इतक्या नीट कोणी ऐकलीच नव्हती. "तिथली पोरं चुका काढतील हो, बाई," ते म्हणाले.

"काढू देत. मलाही त्यांच्या आईबापांकडून मूर्तीच्या डोळ्यांची आखणी शिकायचीच आहे."

भाऊसाहेबांनी गुणाजींना आज्ञा केली, "लिहा. पेण ते जोहे अंतर पाच मैल, मर्यादेच्या आत, म्हणून बदलीचा अर्ज नामंजूर तो नामंजूरच. मात्र चंद्रावतीबाईंनी दिवाळीनंतर नोंदीप्रमाणे आपल्या जागी हजर व्हावं."

"कुठे म्हनालात?" गुणाजींनी विचारलं.

"जोहे!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

अशा रीतीनं बदली न होता माझ्या बायकोची बदली झाली. दिवाळीनंतर तिची ट्रंक धोंडुबाईंच्या माडीवर आली. सकाळी ती जोह्याची बस धरते, संध्याकाळी प्लास्टर आणि रंग अंगावर घेऊन परत येते. पहिल्याच आठवड्यात पोरांनी तिच्या हत्तीचा कान दुरुस्त केला, त्या आनंदात ती दोन दिवस होती. मी खुर्ची घंटेखालून काढून शिक्षकखोलीत नेली. मुख्याध्यापकांनी हात जोडून देवाचे आभार मानले.

मग एक बुधवार आला. शाळा सुटली आणि माझे पाय सवयीनं स्टेशनकडे वळले. फलाटावर जाऊन बघतो तर चंद्रावती आधीच उभी, हातात दोन तिकिटं. "चला, कासूला जाऊन येऊ," ती म्हणाली. मी माझं तिकीट तिच्या हातून घेतलं.

थंडी पडायला लागली होती. कासूला भातं कापून झालेली, त्या जागी वाल हिरवा झालेला, लांब कुठेतरी मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लागल्याचा धूर. आम्ही दोघं एकाच डब्यातून उतरलो. शिवा किटली घेऊन धावत आला, थबकला, आमच्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं.

"आज दोगा एकाच गारीशी?" त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "झाला का गो एकदाचा लगीन?"

मी खुलासा करायला तोंड उघडलं. निर्देशक, वीस मैल, वाळवी, र रताळ्यातला, सगळं माझ्या जिभेवर होतं.

"झालं," चंद्रावती म्हणाली.

शिवानं चहा दिला. समोरून रोह्याहून येणारी गाडी शिटी वाजवत आली, क्रॉसिंग झालं, सिग्नल पडला. मी पेणच्या गाडीकडे निघालो. चंद्रावतीही निघाली, पण सवयीनं उलटी, रोह्याच्या गाडीकडे. तिचा एक पाय पायरीवर पोचला होता. मी धावत जाऊन तिचा हात धरला. पेणच्या शाळेत गणित शिकवणारा मी, भर फलाटावर, सगळ्यांदेखत!

"अहो, लोक बघतायत," ती म्हणाली. हात मात्र तिनं सोडवून घेतला नाही.

"बगू दे गो!" शिवा मागून ओरडला. "आता कोन खोकनार नाय!"